लिंबागणेशचा झोन कोणता?

रोपाच्या पिशवीला सुतळीनं एक रंगीत चिठ्ठी बांधलेली होती. वर कापलेल्या अवोकॅडोचं चित्र, खाली इंग्रजीत दोन ओळी आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘झोन १० ते ११’. रोपवाटिकेतला मुलगा म्हणाला, “काका, बिनधास्त न्या. आपल्याकडं झोन बसतो याचा.” मी दोन रोपं आणली. मृगात लावली. डिसेंबरची थंडी त्यांना जाणवलीसुद्धा नाही, जानेवारीत पालवी फुटली. मार्चअखेर पानांच्या कडा तांबूस झाल्या, एप्रिलमध्ये करपल्या आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही रोपं शेंड्याकडून वाळत खाली आली. दिवसाआड पाणी चालू होतं, तरी. चिठ्ठी खोटी होती असं मी म्हणणार नाही. तिनं थंडीविषयी सांगितलं होतं आणि थंडीनं माझ्या रोपांना खरोखरच काही केलं नाही.

ही पुस्तिका बालाघाटाच्या माथ्यावर आणि उतारांवर काय लावावं, कुठं लावावं आणि काय लावायच्या फंदात पडू नये, याविषयी आहे. एकेका झाडाची माहिती पुढच्या पानांत येईलच. त्याआधी या ‘झोन’ शब्दाचा हिशेब करून टाकायला हवा. अलीकडं तो रोपांच्या चिठ्ठ्यांवर असतो, मोबाइलवरच्या व्हिडिओंत असतो, परदेशातून आलेल्या बियाण्याच्या पाकिटांवर असतो. आणि शब्द इंग्रजी असला, शेजारी आकडा असला, की आपण त्याला उगाच मान देतो.

माझी पुतणी न्यू जर्सीत राहते. तिच्याकडं कढीपत्त्याचं झाड आहे, कुंडीत. ऑक्टोबर लागला की कुंडी घरात खिडकीपाशी येते, ती मे महिन्याशिवाय बाहेर जात नाही. तिकडच्या मराठी घरांत अशा कुंड्या पुष्कळ. कोणी सुट्टीवर भारतात आलं की शेजारणीकडं पहिली सोपवण होते ती कढीपत्त्याची. तिच्या भागाचा झोन सात. म्हणजे वर्षातल्या सर्वांत गार रात्री पारा शून्याखाली साधारण बारा ते अठरा अंश सेल्सिअसपर्यंत जातो. कढीपत्ता तिथं बाहेर राहिला तर एका रात्रीत संपेल. तिनं एकदा फोनवर विचारलं, “काका, तुमचा झोन कोणता?” मी म्हणालो, “आम्हाला टँकर कितव्या महिन्यात लागतो ते विचार. तो आमचा झोन.” ती हसली. मी मात्र फारशी चेष्टा केली नव्हती.

या नकाशाचा जन्म थंड देशातल्या गरजेतून झाला. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाची अरनॉल्ड अर्बोरेटम नावाची वृक्षबाग आहे. तिथले वनस्पतितज्ज्ञ आल्फ्रेड रेडर यांनी १९२७ मध्ये झाडांच्या थंडी सोसण्याच्या ताकदीनुसार देशाचे पट्टे पाडून दाखवले. त्याच बागेतल्या डोनाल्ड वायमन यांनी १९३८ मध्ये त्यात सुधारणा केली. अमेरिकी कृषी खात्याचा स्वतःचा नकाशा १९६० साली आला. पुढं १९९०, २०१२ आणि २०२३ मध्ये तो नव्यानं काढला गेला. रीत अगदी साधी आहे. दरवर्षीची सगळ्यात गार रात्र कोणती, त्या रात्री पारा किती उतरला, एवढंच टिपायचं. तीस वर्षांच्या अशा तीस रात्रींची सरासरी काढायची. तिच्यावरून एक ते तेरा असे पट्टे, दर पट्टा दहा अंश फॅरनहाइटचा, आणि त्याचे पुन्हा अ आणि ब असे दोन भाग. २०२३ च्या नकाशासाठी १३,४१२ हवामान केंद्रांच्या १९९१ ते २०२० या काळातल्या नोंदी घेतल्या होत्या. काम पक्कं आहे, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. मिनेसोटात सफरचंद लावणाऱ्या माणसाला हिवाळ्यात झाड मरेल की जगेल हाच पहिला प्रश्न असतो आणि त्याला या नकाशातून सरळ उत्तर मिळतं.

त्याच फूटपट्टीनं लिंबागणेश मोजलं तर काय येतं? बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून आलं की पठार लागतं. तिथून पाटोद्याच्या रस्त्यावर हे गाव. बीड शहरापेक्षा हवा थोडी हलकी, रात्री थोड्या गार. थंडीची लाट आली की पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. अमेरिकी हिशेबात झोन ११ म्हणजे ४.४ ते १० अंश सेल्सिअस. तेव्हा आपण अकरा नंबरात. २०२३ च्या नकाशात मायामीच्या किनाऱ्याचा काही भागही याच अकरा नंबरात आहे. म्हणजे झोनवर जायचं तर मायामीच्या समुद्रकाठच्या बंगल्यामागं वाढतं ते माझ्या माळावर वाढायला हवं. मायामीत वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवा बारा महिने दमट असते. बीड जिल्ह्याची सरासरी साडेसहाशेच्या आसपास आणि त्यातही सरासरी हा शब्द फसवा, कारण सरासरीइतका पाऊस पडलेली वर्षं आठवायला बोटं लागत नाहीत. त्याच नकाशाची रीत लावली तर लंडन आणि उत्तर फ्लोरिडा एकाच झोनमध्ये पडतात. हिवाळ्यातली ती एक रात्र दोघांची सारखी. बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांचं काय, हे नकाशा विचारत नाही.

कोकणाचं घ्या. रत्नागिरीत पारा फार खाली येत नाही, म्हणून तिचा झोन आपल्यापेक्षा एखादी पायरी वर. एका पायरीचा फरक म्हटला की माणसाला वाटतं, लावून बघावा हापूस. आमच्या भागात कित्येकांनी लावलाही. तिकडं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभा दगड आणि खारं वारं. इकडं बेसॉल्टचा खडक आणि मार्चपासून अंगाला चटका देणारी कोरडी हवा. झाड जगतं, मोहोरही येतो, पण एक वर्ष धरतं आणि दोन वर्षं रुसतं. मराठवाड्यात शेवटी रुजला तो केसर, जुनागढच्या गिरनार पायथ्याचा. आणि ‘मराठवाडा केसर’ या नावानं त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गिरनारचा उन्हाळा आपल्या ओळखीचा आहे, हे त्याचं सरळ कारण.

उष्णतेचा विचार अमेरिकेत झालाच नाही असं नाही. १९९७ मध्ये तिथल्या हॉर्टिकल्चरल सोसायटीनं उन्हाचा नकाशा काढला. वर्षात किती दिवस पारा तीस अंश सेल्सिअसच्या वर जातो ते मोजून बारा पट्टे पाडले. बाराव्या पट्ट्यात असे दिवस दोनशे दहापेक्षा जास्त. आपण शेवटच्या दोन पट्ट्यांतच येणार हे सांगायला थर्मामीटर नको. हा नकाशा पहिल्याइतका कधी गाजला नाही. त्यांच्याकडची झाडं हिवाळ्यात मरतात, म्हणून चिठ्ठीवर हिवाळ्याचा आकडा आला. आपली झाडं एप्रिल-मेमध्ये मरतात. आपण चिठ्ठ्या छापायला लागलो असतो तर वेगळा आकडा छापला असता.

मे महिन्यात उघड्या पाण्याची रोज दहा-बारा मिलिमीटर वाफ होते. शेततळ्याच्या कडेला उभं राहिलं की दर आठवड्याला पाण्याची रेघ खाली सरकलेली दिसते. वर्षभराचा हिशेब केला तर जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून अधिक पाणी हवा मागत असते. झाडाला ही मागणी भागवता आली नाही की ते पानं टाकतं; पानं टाकण्याची कला अंगात नसेल तर वाळतं. माझ्या अवोकॅडोची मुळं वरच्या वीतभर मातीत होती. आळ्यात पाणी होतं, पण करपवणाऱ्या हवेत पानांतून उडून जाणारं पाणी त्या मुळांना पुरवता येत नव्हतं. पाणी घालूनही झाड तहानेनं मेलं, असं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

१९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे. माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे तो २०१२-१३ चा. जालना आणि बीडच्या बाजूनं पंधरा-वीस वर्षं जोपासलेल्या मोसंबीच्या बागा त्या वर्षी वाळल्या. लोकांनी टँकरनं पाणी विकत आणून आळ्यात ओतलं, फळं तोडून टाकली, फांद्या छाटून झाडाचं ओझं कमी केलं, आणि तरीही शेवटी कुऱ्हाड चालवावी लागली. बागेच्या जागी सरपणाच्या मोळ्या लागल्या. ती मोसंबी थंडीच्या झोनमध्ये शंभर टक्के बसत होती. पुढं २०१५-१६ आणि २०१८-१९ मध्येही तेच. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात, तिथं बारमाही पाणी मागणारं झाड लावताना विहिरीकडं आधी बघावं, एवढं तरी आपण त्या वर्षांतून शिकायला हवं होतं. सगळे शिकले असं मला वाटत नाही.

आपल्या राज्यानंही पट्टे पाडलेले आहेत. कृषी हवामानानुसार महाराष्ट्राचे नऊ विभाग. दक्षिण कोकणाच्या अतिपावसाच्या जांभ्या जमिनीपासून पूर्व विदर्भापर्यंत. त्यांत थंडीला मुख्य जागा नाही, पाऊस आणि माती यांना आहे, म्हणून ते आपल्या कामाचे. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेनं १९९२ मध्ये देशाचे वीस कृषी-परिस्थितिकी प्रदेश दाखवले, तेही माती, पाऊस आणि पीक वाढायला मिळणारे दिवस यांवरून. पीक वाढायला मिळणारे दिवस म्हणजे मातीत ओल किती दिवस टिकते. हा खरा आपला प्रश्न. बीड जिल्हा या नऊ विभागांच्या हिशेबात दोन तुकड्यांत येतो: पश्चिमेचा भाग अवर्षणप्रवण विभागात, पूर्वेचा निश्चित पावसाच्या विभागात. ‘निश्चित पाऊस’ या नावाला अंबाजोगाईकडचे शेतकरी काय म्हणतात ते इथं छापण्यासारखं नाही.

आता महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत आणि लिंबागणेश हे मंडळ आहे. जिल्ह्याचा आकडा आणि मंडळाचा आकडा शेजारी ठेवून पाहण्याची सवय पीकविम्यामुळं तरी लागली. पण मंडळ म्हणजेसुद्धा बरीच गावं. झाडाचं भवितव्य त्याहून लहान जागेत ठरतं, एका वावरात.

बालाघाट म्हणजे पाण्याची वाटणी करणारी रांग. एका अंगाचं पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला जातं. दुसऱ्या अंगाचं मांजरेला, जिचा उगम पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ आहे. दोन्ही पाणी शेवटी गोदावरीतच मिळतं, पण मांजरा त्यासाठी तेलंगणापर्यंतचा वळसा घेते. अशा माथ्यावर माती टिकत नाही. माळाला टिकाव मारला की अर्ध्या हातावर मुरूम, दीड हातावर खडक. उताराला आलात की बरड संपून मध्यम जमीन लागते. ओढ्याच्या काठी काळी, पुरुषभर खोल, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. एकाच गट नंबरात या तिन्ही जमिनी असलेले शेतकरी आमच्याकडं आहेत. त्यांच्या एका सातबाऱ्यावर तीन झोन आहेत म्हणा.

आणि इथं लोक फसतात. भारी जमीन ती चांगली, हलकी ती वाईट, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. कापसाला, ज्वारीला ते खरं आहे. फळझाडांचं गणित निराळं. डाळिंबाला हलकी, निचऱ्याची जमीन मानवते. ओढ्याकाठच्या काळ्या रानात त्याला मर लागते. मोसंबीला तर काळ्या जमिनीत पाणी साचलं की डिंक्या होतो, बुंध्यातून डिंक ओघळतो आणि झाड आतून कुजत जातं. शिवाय खालच्या थरात चुनखडी असेल तर पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपण खत कमी पडलं म्हणून युरिया टाकत राहतो. म्हणून जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम केलेली मोसंबी घ्यावी असं सांगतात. तो खुंट चुनखडी पुष्कळ सोसतो. रोप घेताना वरच्या जातीचं नाव सगळे विचारतात. खुंट कोणता, हे विचारणारा शंभरात एखादा. पुढच्या पानांत प्रत्येक कलमी झाडाखाली खुंटाची नोंद मुद्दाम वेगळ्या ओळीत दिली आहे.

आंब्याचं आणखी एक. पिशवीतल्या रोपाचं सोटमूळ तळाला टेकलं की गोल फिरतं. ते तसंच लावलं तर वरून झाड डेरेदार दिसतं, पण मूळ मुरमात शिरत नाही. त्यापेक्षा खड्ड्यात गावरान कोय लावावी, तिचं मूळ सरळ खाली जाऊ द्यावं आणि रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जागेवरच केसरचं कलम बांधावं. एखादं वर्ष उशीर होतो. उन्हाळ्यात हे झाड शेजारच्या पिशवीतल्या झाडापेक्षा किती वेगळं वागतं ते बघायला तिसऱ्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. माझ्या बांधावर दोन्ही प्रकारची आहेत, येऊन बघावं.

आता ज्याच्या नावानं बीड ओळखलं जातं त्या सीताफळाकडं येतो. हे मुळात आपलं नाही. उष्ण कटिबंधातल्या अमेरिका खंडाचं झाड, पोर्तुगीजांच्या काळात इकडं आलेलं. पण बालाघाटाच्या दगडांतून ते असं उगवतं की सीतामाईशी नातं लावल्याशिवाय आपल्याला चैन पडलं नाही. २०१६ मध्ये ‘बीड सीताफळ’ म्हणून त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धारूरच्या डोंगरात, किल्ल्याच्या आजूबाजूला, आपल्या पठाराच्या कडांवर ते कोणी लावलेलं नाही. शेळी त्याचा पाला खात नाही, हे त्याचं पहिलं कवच. दुसरं कवच असं की मार्च-एप्रिलमध्ये ते पानं झाडून उभं राहतं. नवखा माणूस म्हणेल, वाळलं. ते झोपलेलं असतं. वळवाचा शिडकावा झाला की पालवी, पालवीबरोबर फूल, आणि हवेत ओल आली की फळ धरतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर पाट्या भरभरून रस्त्याच्या कडेला येतात. ज्यांच्याकडं वावर नाही अशा कितीतरी घरांचा दसरा-दिवाळीचा खर्च या झाडानं चालवला आहे.

थंड देशातलं झाड थंडीत झोपतं, आपलं झाड तहानेत झोपतं. मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. आपल्या फळबागायतदारांना ती शास्त्र म्हणून नाही तरी रीत म्हणून पूर्वीपासून ठाऊक आहे. बहार धरणं म्हणजे दुसरं काय? पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानगळ होऊ द्यायची आणि मग हलकी छाटणी करून खत-पाणी द्यायचं. जानेवारी-फेब्रुवारीत धरला तर आंबे बहार, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. एकाच डाळिंबाला तीन ऋतूंत जागं करता येतं. पण कोणता बहार धरायचा हे विहीर ठरवते. आंबे बहाराची फळं उन्हाळ्यात पोसायची तर पाणी मेपर्यंत हवं. आमच्या माथ्यावर ते किती विहिरींना असतं? इथं मृग बहारच बरा, तेल्याची भीती पत्करून. तेल्या रोग दमट हवेत पसरतो. कोरडेपणाचा तेवढा एक फायदा आपल्याला असतो आणि पावसाळ्यात तोही जातो.

अंबाजोगाईला परभणी कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. ‘धारूर ६’ ही जात तिथली. बार्शी तालुक्यात निवडलेल्या एनएमके-१ या सोनेरी सीताफळाच्याही बागा आता सगळीकडं झाल्या. फळ मोठं, बिया कमी, पिकल्यावर टिकतंही जास्त. मात्र डोंगरातलं सीताफळ आणि बागेतलं सीताफळ यांना एकाच काटकपणाचं समजू नये. बागेतल्या झाडाला मोठ्या फळासाठी ठिबक लागतं आणि त्याचं फळ उशिरा येतं. उशिरा येणाऱ्या फळाला थंडी भेटते. रात्री गार झाल्या की झाडावरची सीताफळं पिकत नाहीत; काळवंडतात आणि दगडासारखी टणक राहतात.

म्हणजे थंडीकडं अगदीच काणाडोळा करून चालत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा दोन अंशांच्या खाली गेला आणि परभणीतही पाच अंशांखाली उतरला. द्राक्षाच्या मण्यांत अशा थंडीत गुलाबी झाक उतरते, माल निर्यातीतून बाद होतो. पारा दहा-बारा अंशांखाली राहिला की केळीची वाढ थांबते, घड पोंग्यातच अडकतो. गार हवा पाण्यासारखी उताराला वाहते, म्हणून माळावरच्या पपईला काही होत नाही आणि ओढ्याकाठच्या मळ्यातली पपई मार खाते. आमच्याकडं पहाटे पाणी धरायला गेलेल्या माणसाला हे पायानं कळतं. बांध उतरला की थंडी बदलते.

द्राक्षाचं उदाहरण तर मला नेहमी चकित करतं. ही वेल थंड प्रदेशातली, तिकडं हिवाळ्यात पानं टाकून झोपणारी. महाराष्ट्रात तिला हिवाळाच नाही. मग आपल्या लोकांनी तिचं वर्षच बदललं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचा हात. झोनच्या नकाशावर बोट ठेवून बसले असते तर नाशिक-सांगली-सोलापूरला द्राक्ष आलं नसतं. तेव्हा झोन ओलांडता येतो. किंमत मोजावी लागते, औषधांची, मजुरीची, पाण्याची. ती परवडते का, एवढं बघायचं.

सफरचंदाच्या बातम्या वाचून ज्यांनी रोपं मागवली आहेत त्यांच्यासाठीही हेच. सफरचंदाला सात अंशांच्या खालची थंडी तासांत मोजून लागते. काश्मीर-हिमाचलच्या जुन्या जातींना आठशे-हजार तास किंवा त्याहून जास्त. इस्रायलमध्ये निघालेली ‘ॲना’ आणि हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेली एचआरएमएन-९९ या जाती फार कमी थंडीत फळतात. परसात दोन झाडं हौसेनं लावायला माझी हरकत नाही. एकरभर लावण्याआधी आपल्या गावातल्या कोणाच्या झाडाला पाचव्या वर्षी किती फळं लागली ते मोजून यावं. ड्रॅगन फ्रूटला पाणी कमी लागतं म्हणून आमच्याकडं त्याचं वेड आलं. पाणी कमी लागतं हे खरं, पण चाळीस अंशांच्या उन्हात त्याचे फाटे पिवळे पडून भाजतात आणि सावलीच्या जाळीचा खर्च बसतो. हा खर्च रोपाच्या चिठ्ठीवर नसतो.

अमेरिकेच्या २०२३ च्या नकाशात जवळजवळ निम्मा देश अर्ध्या पायरीनं गरम पट्ट्यात सरकला. आपल्याकडचं सरकणं एवढं सुबक नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीनं उभ्या बागा सोलून काढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये याच दुष्काळी जिल्ह्यात अतिवृष्टीनं नद्या पात्राबाहेर आल्या आणि माती वाहून गेली. दुष्काळ सोसणाऱ्या झाडाला आठ दिवस पाण्यात उभं राहणं सोसतं असं नाही. तेव्हा माळावर लावा, पण चर काढून लावा.

गावाच्या नावात लिंब आहे. त्यामागची पुराणकथा आणि भालचंद्र गणपतीचं क्षेत्र यांविषयी भाविकांनी लिहावं. मी झाडांचा माणूस. आमच्या मराठवाड्यात कडुनिंबाला लिंबच म्हणतात. हा लिंब कडाक्याच्या गोठवणाऱ्या थंडीत जगत नाही, न्यू जर्सीत तो पुतणीच्या कढीपत्त्यासारखाच कुंडीत जाईल. पण मक्केजवळच्या अराफातच्या वाळवंटी मैदानात यात्रेकरूंना सावली मिळावी म्हणून हजारोंनी लावला, तो हाच. ज्या मे महिन्यात माझे अवोकॅडो गेले, त्याच मे महिन्यात बांधावरचा लिंब नव्या पानांनी गच्च होता, खाली लिंबोळ्यांचा सडा पडायला सुरुवात होणार होती.

या पुस्तिकेत झोनचे आकडे दिलेले नाहीत. प्रत्येक झाडापुढं चार नोंदी आहेत: किती खोल माती लागते, उन्हाळ्यात किती दिवस पाण्यावाचून तग धरतं, चुनखडी सोसतं का, आणि पानगळ कधी होते. वाचकांना एक विनंती. रोप आणण्याआधी मे महिन्यात खड्डा खणा, मुरूम कितीवर लागला ते हातानं मोजा. तो खड्डा उन्हात तापू द्या आणि रोप मृगातच आणा. शंका असेल तर खामगावच्या किंवा डिघोळअंब्याच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीचा नमुना घेऊन जा. पानांच्या कडेला जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. आपल्या विहिरीला दरवर्षी कोणत्या तारखेपर्यंत पाणी होतं, ते तिथं लिहीत चला.